लोकरीचा फणस

पार्से गावात शंभू कुठल्या वर्षी पडला हे कुणाला आठवून सांगावं लागत नाही. सत्त्याऐंशी साली गोव्याचं राज्य झालं तो शनिवार होता आणि शंभू पडला दुसऱ्या दिवशी, रविवारी. बायका ही हकिकत सांगताना शेवटी एक वाक्य हटकून जोडतात, ‘भावजयीचे डोहाळे पुरवूक चडलो हो बापडो.’ हे वाक्य आलं की सुमंगला काहीतरी निमित्त काढून आत निघून जाई. लोकांना वाटे, बिचारीला अजून सोसत नाही. ते खरंच होतं. पण नेमकं काय सोसत नव्हतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुमंगला माहेरची बांद्याकडची. लग्न होऊन पार्सेला आली तेव्हा घरात सासू-सासरे नव्हते, दोघे भाऊच होते. नवरा रामचंद्र डिचोलीच्या बाजूला खाणीवर ट्रक चालवायचा. आठवडाभर तिकडेच, शनिवारी घरी. तेही पावसाआधीच्या दीड-दोन महिन्यांत नाही, कारण पाऊस लागायच्या आत माल धक्क्यावर पोचवायची घाई असे. थोरला शंभू पाडेली होता. आसपासच्या चार वाड्यांमधले नारळ पाडायचं काम त्याच्याकडे. तो माडावर चढायला लागला की बघणाऱ्याला वाटावं, माडच त्याला वर ओढून घेतोय. वय बत्तीस, लग्न व्हायचं होतं, तोरशाच्या एका घरात बोलणी चालली होती. सुमंगला त्याला भावजी म्हणे. दोघंही एकमेकांशी कामापुरतं बोलत. पण जत्रेहून येताना तो गोड खाजाची पुडी आणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून जायचा, न बोलता, हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

ती पहिल्यांदा गरोदर राहिली आणि अन्नावरची वासनाच उडाली. उकड्या तांदळाची पेज आणि मिठातली कैरी, एवढंच पोटात राही. डोहाळे म्हणतात ते तिला लागलेच नाहीत. पिकल्या फणसाचा वास तर परड्यातून वाऱ्याबरोबर आला तरी ती नाकाला पदर लावी. आणि तो मे महिना होता, परड्यातलं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडलेलं होतं.

शेजारी चुलतजाऊ वत्सला राहायची. दोन घरांचं मिळून एकच अंगण. वत्सलेचा नवरा पेडण्याला सरकारी कचेरीत नोकरीला, रोज संध्याकाळी घरी येणारा. वत्सला मनानं वाईट नव्हती, पण तिला दुसऱ्याच्या ताटात काय नाही ते आधी दिसे. तिचा परेश तेव्हा दोन वर्षांचा होता, आणि त्याच्या वेळचे आपले डोहाळे ती अजून सांगत असे. नवऱ्यानं मांद्र्याहून तिसऱ्या आणल्या, म्हापशाहून केक आणला, एकदा तर भर दुपारी उसाचा रस आणायला सायकल काढली.

त्या रविवारी संध्याकाळी शेजारच्या दोघी-तिघी अंगणात बसल्या होत्या. राज्य झालं म्हणजे आता काय होणार, याच्यावर बोलून झालं होतं. वत्सला सुमंगलेकडे बघून म्हणाली, “तुज्या डोहाळ्यांका कोण आसा गो? घोव तर खाणीर.”

बोलण्यात विष नव्हतं. कीव होती. सुमंगलेला ती कीव सुईसारखी टोचली. शंभू सोप्यावर बसून कोयत्याला धार लावत होता, त्याला ऐकू जाईल हे तिला दिसत होतं. ती मोठ्यानं म्हणाली, “माका रसाळ फणस खावचो आसा. तो वयलो, शेंड्याकडचो.”

खालचे हाताला येतील असे पाच-सहा फणस होते. तिनं वरचा मागितला, कारण वरचा मागितल्यावर कुणीतरी चढावं लागतं.

शंभूनं कोयता बाजूला ठेवला. “इतक्याच मा? आत्ता काडतंय,” म्हणाला आणि दोरी खांद्यावर टाकून निघाला. सुमंगला मागोमाग परड्यात गेली, डोळ्यांवर हाताची सावली धरून उभी राहिली. वत्सला आणि बाकीच्या बायका कुंपणाशी येऊन बघत होत्या. तिला त्या क्षणी बरं वाटलं. पुढे आयुष्यभर तिला शंभूच्या पडण्याहून हे बरं वाटणंच जास्त आठवत राहिलं.

त्यानं फणस दोरीला बांधून अलगद खाली सोडला. तो तिच्या पायाशी येऊन टेकला, एक काटाही न मोडता. मग उतरताना त्याचा हात पानं शिवून केलेल्या हुमल्यांच्या घरट्यावर पडला. त्या तांबड्या मुंग्या एकदम मानेवर, डोळ्यांवर चढल्या. त्यानं एक हात डोळ्यांकडे नेला. तेवढंच. इतकी वर्षं माडावर चढणारा माणूस पंधरा-सोळा हातांवरून खाली दगडी बांधावर पडला.

आरडाओरडा झाला, माणसं धावली. कुणीतरी टेंपो आणला. दार काढून त्यावर त्याला निजवलं आणि आधी म्हापशाला, तिथून पणजीला मोठ्या इस्पितळात नेला. मांडवीवरचा पूल आदल्या वर्षी कोसळला होता, तेव्हा त्या दारासकट त्याला फेरीबोटीतून पलीकडे न्यावं लागलं. सोबत वत्सलेचा नवरा गेला.

इकडे अंगणात बायकांनी तो फणस फोडला. त्यांचंही चुकलं नाही. डोहाळे अर्धे राहिले तर पोराचा कान फुटतो असं सगळ्याच मानत, आणि ज्याच्यासाठी माणूस पडला ते तरी वाया जाऊ नये, असा त्यांचा भाव होता. वत्सला रडत रडत तिला भरवत होती. “खा गो. त्येच्यासाठीच तर चडलो ना तो.” सुमंगलेनं सात गरे गिळले. आठव्याला उठली आणि न्हाणीच्या मागे जाऊन सगळं ओकली. वत्सलेनं पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, धक्क्यानं झालं.

शंभू साडेचार महिने इस्पितळात होता. कंबरेचं हाड जुळलं ते वाकडं, डावा पाय जवळजवळ गेलाच. दोन कुबड्यांवर तो घरी आला तेव्हा सुमंगलेची मुलगी, सेजल, महिन्याची होती. तोरशाची बोलणी कधी थांबली ते कुणी बोलून दाखवलं नाही. रामचंद्र संतापून फणसाच्या झाडाला कुऱ्हाड लावायला निघाला, तेव्हा शंभूच म्हणाला, “झाडान काय केला?” झाड राहिलं. पण त्या घरात फणस पुन्हा आला नाही. शंभूला दुखवायला नको म्हणून कुणी आणला नाही, आणि शंभूनं कधी मागितला नाही. दर वर्षी फणस पिकून पडत आणि गुरं खात.

सुमंगलेला अनेकदा वाटे, सांगून टाकावं. बाळंतपण झाल्यावर सांगू, तो थोडा चालायला लागला की सांगू, असं करता करता तिची सांगायची वेळ निघून गेली. मग तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या एका कारखान्यात तिला पॅकिंगचं काम मिळालं. ती दिवसभर बाहेर जाऊ लागली आणि सेजलला शंभूनं वाढवलं. सोप्यावर बसून तो माडाच्या चुडतांचे हीर, पात्यांमधल्या काड्या, काढून केरसुण्या बांधायचा, आणि पोर त्याच्या चांगल्या पायाला टेकून बसायची. तिला पहिलं पाऊल त्यानं कुबडीला धरून टाकायला लावलं. सुमंगला कामावरून आली की ते दोघं तिला लांबूनच दिसत. दुसऱ्या एखाद्या बाईनं देवाचे आभार मानले असते. हिची पावलं फाटकाशी जड व्हायची.

सेजल पहिलीत गेली. त्या वर्षीच्या जानेवारीत एका संध्याकाळी सुमंगला घरी आली तर मुलगी सोप्यावर नव्हती. आत कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. शंभू म्हणाला, “आज माज्याकडे येवक नाय. शाळेत कोण कायतरी बोललो आसतलो.”

दोन दिवस, तीन दिवस तसंच. पोर काकाच्या समोरून जाताना मान खाली घालून जाई. त्यानं बोलावलं तर ‘अभ्यास आसा’ म्हणे. चौथ्या दिवशी सुमंगलेनं तिला न्हाऊ घालताना विचारलं. पोर पाण्याकडे बघत म्हणाली, “आई, मी पोटात असताना फणस मागितला होता?”

सुमंगलेनं तांब्या खाली ठेवला आणि हळूहळू तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

झालं होतं असं. बाईंनी वर्गात फणसाचं चित्र दाखवून कुणी कुणी फणस खाल्लाय ते विचारलं. सगळ्यांनी हात वर केले, सेजलनं नाही. घरी झाड असून खाल्ला नाही म्हणून पोरं हसली. मधल्या सुटीत वत्सलेच्या परेशनं, आता तो तिसरीत होता, सगळ्यांना समजावून सांगितलं, की हिनं आईच्या पोटातनं फणस मागितला, म्हणून हिचा काका झाडावरून पडला. त्यानं काही कपटानं सांगितलं नाही. घरात जे ऐकत आला होता तेच सांगितलं.

“सांग ना. मी मागितला होता?”

“नाही गं बाय,” सुमंगला म्हणाली.

“मग कोणी मागितला?”

याला उत्तर होतं. ते ओठांपर्यंत आलं. आणि सुमंगला म्हणाली, “डोळे मीट, साबण जाईल.”

त्या शुक्रवारी सुटी काढून ती म्हापशाच्या बाजारात गेली. हिरवी लोकर घेतली, पिवळी घेतली, थोडी तपकिरी. दुकानदारानं सवयीनं विचारलं, “बाळंतिणीसाठी?” कारण त्या उकाड्याच्या मुलखात लोकर घेतात ती बाळाच्या टोपड्यालाच. ती हो म्हणाली. क्रोशाची सुई तिच्याकडे होती. लग्नाआधी बांद्याला असताना तिनं दाराची तोरणं आणि टेबलावरचे रुमाल पुष्कळ विणले होते.

तिच्या मनात आलं होतं ते एवढंच, की पोरीच्या मनातली फणसाची भीती जावी, तिनं हसावं, आणि काकाच्या मांडीवर परत जाऊन बसावं. एक गमतीचा, मऊ, उशीसारखा फणस. खरं सांगण्यापेक्षा विणणं सोपं होतं, हेही तिला कळत होतं. कळत असूनही तिनं साखळी घातली.

कारखान्यात जेवणाच्या सुटीत ती विणायची. फणसाच्या काट्यांचं काय करावं हे दोन दिवस सुचेना. मग एकाच घरात पाच खांब घालून ते एकत्र ओढून घेतले, तर वर छोटी गाठ फुगून आली. पुढच्या घरात मुका खांब, पुन्हा पाच खांबांची गाठ. ओळीमागून ओळ अशी गेली आणि काटेरी साल दिसू लागली. शेजारी बसणारी तारा, तुयेचीच, डबा खाता खाता बघत होती. म्हणाली, “कासव गो ह्या?”

“फणस.”

तारा इतकी हसली की तिला ठसका लागला. मग सगळ्या पॅकिंगच्या बायका बघायला आल्या. कुणी म्हणालं देठ लांब कर, कुणी म्हणालं रसाळ की कापा ते आधी ठरव. सुमंगलाही हसली. हसताना तिला आतून कुणीतरी विचारत होतं, तू हे कशावर पांघरूण घालतेयस.

तीन आठवड्यांत फणस पुरा झाला. आत सावरीचा कापूस. एका बाजूला उभी फट ठेवून तिला टिचबटणं लावली. ती उघडली की आतून पंधरा पिवळे गरे निघत, आणि प्रत्येक गऱ्याच्या पोटात तपकिरी लोकरीची एक आठळी. आकार म्हणाल तर चांगला तान्ह्या मुलाएवढा.

रविवारी दुपारी तिनं तो सेजलच्या पुढ्यात ठेवला. पोरीनं आधी हात मागे घेतले. मग बोटानं एक काटा दाबून पाहिला. तो मऊ होता. दुसरा दाबला. टिचबटण टक्कन उघडलं आणि एक गरा बाहेर घरंगळला, तशी ती खदखदून हसली. तो फणस कवेत घेऊन कुणालातरी दाखवायला म्हणून ती सोप्याकडे धावली, आणि दारात थबकली. काका तिथे बसला होता.

शंभूनं फणसाकडे पाहिलं. सुमंगला आत दाराआड उभी होती. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर हा शब्दसुद्धा कुणी उच्चारला नव्हता. त्यानं हातातला कोयता खाली ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “थांब. असो फोडू नको. आधी हाताक तेल लाय, नायतर चीक लागतलो.”

सेजल पळत येऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन गेली. त्यानं रिकामा हात तिच्या हातांना चोळल्यासारखं केलं. मग फणस कसा आडवा ठेवायचा, बोटांनी टिचक्या मारून पिकलाय की नाही ते कसं ओळखायचं, कोयता कुठे लावायचा, मधले पांढरे तंतू कसे बाजूला सारायचे, आठळ्या धुऊन सुकवून पावसासाठी मातीत कशा ठेवायच्या, सगळं त्यानं त्या लोकरीच्या फणसावर दाखवलं. एक गरा तोंडाजवळ नेऊन जिभेनं मिटक्या मारल्या. “साकरेसारको,” म्हणाला. पोर त्याच्या मांडीवर कधी जाऊन बसली ते तिलाही कळलं नाही. सुमंगलेनं शंभूच्या चेहऱ्यावर असा उजेड सहा-सात वर्षांत पाहिला नव्हता. फणस त्याला किती आवडत होता, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याच्यासाठी म्हणून सगळ्यांनी तोही त्याच्यापासून काढून घेतला होता.

आठ-दहा दिवस त्या खेळानं घर भरून गेलं. सेजल बश्यांमध्ये गरे वाढायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला खायला लावायची. परेशनंसुद्धा दोन खाल्ले. सुमंगलेला वाटू लागलं, निभावलं.

मग एका शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या सुटीनं ती लवकर घरी आली. मागच्या दारानं आत शिरली आणि तिला सोप्यावरचं बोलणं ऐकू आलं. सेजल म्हणत होती, “काका, सगळे गरे तूच खा. मी एकपण नाही घेत.”

“कित्या गो?”

“मी मागितला म्हणून तू पडलास ना. मग हा सगळा तुझा. खाल्लास की पाय बरा होईल?”

शंभू काय म्हणाला ते सुमंगलेनं ऐकलं नाही. ती पाण्याच्या हंड्याशी भिंतीला टेकून उभी राहिली. तिला वाटलं होतं, मुलीच्या मनातलं ओझं उतरलं. ते उतरलं नव्हतं. पोर ते आता हसत हसत वाहत होती. आणि ओझं तिचं नव्हतंच.

तिनं सेजलला वत्सलेकडे दही मागायला पाठवलं आणि सोप्यावर आली. खांबाशी उभी राहून म्हणाली, “भावजी, तुमका एक सांगूचा आसा.”

“सांग मगे.” तो हीर काढत होता.

“माका तेव्हा फणस नको होतो.”

“केव्हा?”

“त्या दिसा. माका त्येचो वासय सोसा नाय. वत्सला बोलली, म्हणान मी मुद्दाम म्हटलंय. तुमी आयकतास म्हणान म्हटलंय. शेंड्याचो मुद्दाम मागलंय.”

कोयत्याचं पातं चुडतावरून शेवटापर्यंत गेलं, हीर सुटा झाला, त्यानं तो बाजूच्या ढिगावर ठेवला. दुसरं चुडत घेतलं, पण कापलं नाही.

“तरी खाल्लंस?” त्यानं विचारलं.

“सगळ्यांनी भरवलो. मगे ओकलंय.”

ती वाट बघत होती, की तो चिडेल, शिव्या देईल, निदान कुबडी आपटेल. तो हळू आवाजात म्हणाला, “इस्पितळात माका एकच बरा वाटायचा. म्हणायचंय, पाय गेलो तर जांव, तुजी आस पुरी झाली. तेवढ्याच धरून होतंय मी.”

सुमंगलेनं हे कधी मनातही आणलं नव्हतं. आपण खरं सांगू, तो रागावेल, मग आपलं मन हलकं होईल, असाच तिचा हिशेब होता. आपल्या खरं बोलण्यानंही त्याचंच काहीतरी जाईल, हे तिला सुचलं नव्हतं. ती खाली बसली. रडू आलं ते तिनं गिळलं, कारण त्याच्यासमोर रडणं म्हणजे त्यालाच समजूत घालायला लावणं झालं असतं.

“रामाक सांगू नको,” तो म्हणाला. “तो ट्रक चालयता, त्येच्या डोक्यात ह्या नको.”

एवढंच. सेजल दह्याची वाटी घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला जवळ बोलावलं आणि समोर उभी केली. “ऐक गो. पोटातला पोर काय एक मागणा नाय. त्येका तोंड खंय असता? माका हुमल्यांनी खाल्ल्यानी म्हणान मी पडलंय. कोणी काय बोललो तर असा सांग.”

“मग फणस कोणी मागितला?”

सुमंगलेनं मान वर केली. शंभूनं तिच्याकडे पाहिलं नाही.

“कोणी नाय,” तो म्हणाला. “माकाच खावचो होतो.”

पुढच्या बुधवारी तो मांद्र्याला बहिणीकडे, भाग्यलक्ष्मीकडे, राहायला गेला. जाताना फक्त म्हणाला, थोडे दिवस समुद्राची हवा खातो. रामचंद्र आला तेव्हा त्यानं विचारलं, दादा असा अचानक का गेला. सुमंगलेनं हवापालटाचं सांगितलं. खोटं बोलायचं नव्हतं, पण आता खरं बोलायची मुभाही उरली नव्हती. त्या आठवड्यात तिनं वत्सलेला एकदा विचारलं, “त्या दिसा तू माका म्हणालेलंस, डोहाळ्यांका कोण आसा, आठवता?” वत्सला तांदूळ निवडत होती. “माका खंय आठवता गो,” म्हणाली. “मी दिसाक शंभर गजाली करतंय.” आणि कौलं चाळायला माणूस मिळत नाही, ते सांगू लागली.

शंभू दीड महिना आला नाही. सेजल रोज विचारे. शेजारी वत्सलेकडे बसलेली असली तरी बस आली की फाटकाशी पळे. सुमंगला दर रविवारी मनाशी ठरवी, की मांद्र्याला जाऊन त्याला घेऊन यायचं. मग वाटे, कुठल्या तोंडानं. घरात त्याच्या केरसुण्यांचा अर्धा ढीग तसाच पडून होता. तिनं तो हलवला नाही आणि झाडून काढताना त्याच्याभोवतीनं झाडत राहिली.

पाडव्यानंतर एका दुपारी तो आला. कंडक्टरनं आधी कुबड्या उतरवल्या, मग त्याला, मग निळ्या नायलॉनच्या जाळ्याचं मोठं गाठोडं. बहिणीच्या शेजारी विठू नावाचा रापणकार, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारा, होता, त्याच्याकडून शंभू फाटकी जाळी दुरुस्त करायला शिकला होता. बसून करायचं काम, हातांचं काम. आता विठू गाठोडी पाठवणार होता आणि शंभू ती सांधून परत धाडणार होता. सेजल त्याच्या कमरेला मिठी मारून लोंबकळली. सुमंगलेनं पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यानं घेतला, प्यायला, आणि म्हणाला, “सेजलचे आये, हंय खांबाक एक खिळो मारूक होयो. जाळा अडकवूक.”

पूर्वी तो तिला नावानं हाक मारायचा. त्या दिवसापासून ती त्याच्यासाठी सेजलची आई झाली, आणि पुढेही तशीच राहिली. रागानं नव्हे. त्याला तेवढंच जमलं असावं. तिनं खिळा मारला.

तिला माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही आणि तिनं कधी माफी मागितली नाही. पुढे तारानं हट्ट धरला, म्हणून सुमंगलेनं तिच्या मुलीसाठी लोकरीचा उंडो, गोल पाव, विणला, मग कुणासाठी बांगडा, कुणासाठी हळदीच्या पानातली पातोळी. गावातल्या आजारी पोरांच्या उशाशी तिचं काही ना काही असे. बायका म्हणत, सुमंगलेला हौस भारी. ती मान हलवून पुढच्या ओळीची घरं मोजू लागे. लोकरीचा फणस सेजलनं दोन वर्षांनी बालवाडीला देऊन टाकला आणि तिथे पोरांनी एक एक करत त्याचे गरे हरवले.

शंभूच्या पायात जोर नव्हता, त्यामुळे मोठं जाळं असलं की पायाच्या अंगठ्यात अडकवून त्याला ते ताणून धरता येत नसे. सेजल लहान होती, तिच्या हातून सुटायचं. एका रविवारी सुमंगला न सांगता जाऊन समोर बसली आणि जाळ्याचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग लाकडी सुईत दोरा भरला.

“ताण धर,” म्हणाला.

तिनं धरला. तो एक एक भोक सांधत गेला, आणि तो सरकेल तशी ती सरकत गेली. पुढच्या रविवारी तिनं जेवणं आटोपली, हात पुसले आणि पुन्हा तिथेच जाऊन बसली.